डबलरवाल्या ताई

सानगडीत आम्ही दोघी एका घरात भाड्याने राहत होतो. खोल्या दोन, खाटा दोन, खुर्ची एक. ती खुर्ची मीच वापरायची. ताईंना तिच्यावर टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या भातसुद्धा उभ्याने खायच्या, ताट डाव्या हातात धरून, खोलीभर फिरत. घरमालकीण मावशी दारातून ओरडायच्या, "अवं बाई, एका जाग्यावर जेव ना! शितं घरभर सांडून राहिली. मुंग्या लागतील."

ताई खूश व्हायच्या. "लागू द्या ना जी मावशी. त्यायचेच तं फोटो काढाचे हायेत."

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी नुकतीच बी.एड. होऊन शाळेत मराठी शिकवायला लागले होते. ताई विज्ञान शिकवायच्या. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, मूळच्या कारध्याच्या, लग्न न झालेल्या. उंच, काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला आणि गळ्यात कॅमेरा. गावात त्यांना विज्ञानाच्या बाई कोणी म्हणत नसे. पोरं म्हणायची 'किडेवाल्या बाई', आणि साकोलीचा स्टुडिओवाला म्हणायचा 'डबलरवाल्या ताई'.

डबलर म्हणजे टेलिकन्व्हर्टर. काळं, ठेंगणं, दोन्ही बाजूंनी काच असलेलं एक नळकांडं. जहाजावर नोकरीला असलेल्या मावसभावाने त्यांना कॅमेरा आणून दिला होता. डबलर मात्र त्यांनी स्वतः नागपूरला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या मागे लागून मिळवला होता. लोक तो कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवून लांबचे पक्षी, नाही तर स्टेजवरचे पुढारी मोठे करायचे. ताईंनी तो किड्यांसाठी घेतला. स्टुडिओवाला पहिल्यांदा हसलाच होता. "ताई, हे दूरच्या चीजेसाठी असते. मुंगी तं तुमच्या नाकासमोर हाये."

"म्हणूनच तं," ताई म्हणाल्या. "नाकासमोर गेली का मुंगी नाकाले चावते."

मला त्यांनी हे एकदा आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर समजावून सांगितलं होतं. आधी कॅमेरा, त्याला डबलर, डबलरला रिंगा, म्हणजे लेन्स पुढे सरकवणारी पोकळ कडी, आणि सगळ्यात पुढे लेन्स. नुसत्या रिंगा लावल्या तर किडा मोठा दिसतो, पण त्याहून मोठा पाहिजे असेल तर आणखी रिंगा लावून लेन्स त्याच्या अंगाला भिडवावी लागते. मग तो उडून जातो, किंवा आपलीच सावली त्याच्यावर पडते. डबलर लावला की तितक्याच अंतरावरून तो दुप्पट दिसतो. आपली जागा सोडायची नाही, त्याची जागा त्याला सोडायला लावायची नाही.

"मंग सगळे लोक असंच काहून नाही करत?" मी विचारलं.

"कारण हे उजेड खाते," डबलर माझ्या तळहातावर ठेवत त्या म्हणाल्या. "सोळा आणे उजेड आत गेला, तं बारा आणे खाऊन टाकते. चार आण्यात फोटो काढावा लागते." आणि वाक्य संपायच्या आत त्या परसात गेल्यासुद्धा. तिथे भेंडीच्या पानावर काहीतरी हललं होतं.

त्यांचं सगळं असंच अर्धवट असायचं. अर्धा प्यालेला चहा खिडकीत, अर्धी धुतलेली साडी दगडावर, अर्धं सांगितलेलं बोलणं माझ्यापाशी. शिक्षकांच्या खोलीत सगळे गप्पा मारत असले की त्या दारात ये-जा करत राहायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "चालली बाप्पा मी, उजेड चालला." दुपारचे दोन वाजलेले असायचे. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत असायचं. मुख्याध्यापक मान वर करून विचारायचे, "कुठी चालला उजेड?" तोवर त्या शाळेमागच्या धानाच्या बांधीपर्यंत पोचलेल्या असायच्या.

वर्गातही त्या बाकांच्या मधून फिरत शिकवायच्या, आणि फिरताना बाकांवर आदळायच्या. त्यांच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या. पोरांनी हळूहळू बाकं भिंतीकडे सरकवून मधली वाट रुंद केली. घरात पाण्याची गुंडी त्यांच्या पायाने दिवसाआड लवंडायची, आणि बोलणी गुंडीला बसायची. "मधात काहून बसली वं तू?"

संध्याकाळी मात्र त्या दिवेलागणीच्या आत घरात. काही झालं तरी. धान कापून झालं की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडप पडतात, पाव्हणे येतात, अख्खं गाव घोंगड्या-चादरी घेऊन पहाटेपर्यंत नाटकाला बसतं. ताई एकाही नाटकाला आल्या नाहीत. मावशींनी किती आर्जवं केली. "चाल ना बाई, हसून हसून पोट दुखते." ताई म्हणायच्या, "रात्री कोणते किडे दिसतात जी? मी झोपतो आपली." गावाने ठरवून टाकलं की किडेवाल्या बाईला शिक्षणाची घमेंड आहे.

त्यातच ते लग्नाचं झालं. साकोलीचं स्थळ होतं. मुलगा कुठल्याशा कचेरीत, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. बघण्याचा कार्यक्रम मावशींच्याच घरी झाला. पाहुण्यांना पोहे दिले, चहा दिला, प्रश्न विचारून झाले. मग मुलगा म्हणाला, बाईंशी जरा बोलायचं आहे. दोघं परसात गेले. पाचेक मिनिटांनी तो एकटाच परत आला, चपला घातल्या आणि आईला म्हणाला, "चाल." ताई परसातच होत्या, पेरूच्या फांदीवर बसलेल्या एका प्रार्थनाकीटकासमोर कॅमेरा लावून. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, बाईने नवरा सोडून किडा पाहिला. मीसुद्धा ते दोन-चार जणींना हसत हसत सांगितलं. गोष्ट होतीच तशी, आणि ताईंनी ती कधी खोडली नाही.

पानं शिवणाऱ्या लाल मुंग्यांचं प्रकरण पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावरचं.

शाळेच्या आवारात आंब्याचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांद्यांवर लाल मुंग्यांनी पानं जोडून चेंडूएवढी घरटी केली होती. ताईंनी नववीच्या वर्गाला सांगितलं, की या मुंग्या पानं शिवतात, आणि शिवायचा धागा त्यांच्या पिल्लांच्या तोंडातून निघतो. मोठी मुंगी पांढरी अळी जबड्यात धरते आणि ह्या पानावरून त्या पानावर अशी फिरवते, की कोष्ट्याच्या मागावर धोटा चालावा. वर्गात दोन पोरं कोष्ट्यांची होती. त्यातला एक उठून म्हणाला, "बाई, लेकराच्या तोंडातून सूत कसं निघन?" वर्ग हसला. ताई म्हणाल्या, "दाखवतो."

दाखवायला फोटो हवा होता. नुसत्या डोळ्यांना मुंग्यांची गर्दी दिसते, धागा दिसत नाही. ताईंनी आठवडाभर मधल्या सुट्टीत खटपट केली. ह्या मुंग्यांच्या जवळ जाणं म्हणजे काय ते चावून घेतल्याशिवाय कळत नाही. मुंग्या कॅमेऱ्यावर चढायच्या, पट्ट्यावरून गळ्यात उतरायच्या. त्याच आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीच्या डोळ्याला मुंगी डसली आणि डोळा सुजून बंद झाला. मुख्याध्यापक बिचारे भले गृहस्थ. त्यांनी ताईंना बोलावलं. "बाई, सोमवारी शिपायाले सांगून घरटी जाळून टाकाची हायेत. पोट्ट्यायच्या डोळ्याशी खेळ नाही. तुमचं जे काय हाये ते रविवारपर्यंत आटपा."

त्या रात्री ताई झोपल्या नसाव्यात. कुशी बदलल्याचा आवाज येत राहिला. रविवारी सकाळी मला हलवून म्हणाल्या, "ऊठ. तुझा आरसा घे."

शाळेत कोणी नव्हतं. आम्ही वर्गातलं टेबल ओढत आंब्याखाली आणलं. त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या खालून चढणार नाहीत. टेबलावर तेलाचा डबा, डब्यावर जेवायचा पाट आणि पाटावर कॅमेरा. "फोकसची रिंग फिरवाची नाही," त्या म्हणाल्या. "पाट सरकवाचा. केसभर पुढे, केसभर मागे." माझ्याकडे काम होतं आरशाने ऊन पकडून घरट्यावर फेकायचं, कारण डबलरने खाल्लेला उजेड कुठून तरी भरून काढायला हवा होता.

त्यांनी बांबूच्या काडीने घरट्याची एक शिवण हलकेच उसवली. मुंग्या भसकन बाहेर आल्या. नंतर बराच वेळ नुसता गोंधळ. मग काही मुंग्या पानाच्या एका कडेवर पाय रोवून दुसरी कड ओढायला लागल्या. रांगच्या रांग. कडा जवळ आल्या. आणि आतून एक मुंगी आली, तिच्या जबड्यात तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी.

"ताई, आली!"

"कुठी?"

"तुमच्या समोरच. पानाच्या कडेले."

ताई कॅमेऱ्याला डोळा लावून होत्या. पाट पुढे गेला, मागे आला. "आरसा नीट धर. उजेड हलून राहिला." मी नीट धरला होता. माझ्या बाहीत दोन मुंग्या शिरल्या होत्या तरी मी हलले नव्हते. "काळं दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. डबलर काढला, काच फुंकली, पुन्हा लावला. पुन्हा काढला. "या मेल्यानं सगळाच उजेड खाल्ला आज." मग त्यांनी लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, मला अलीकडे उभं केलं, पलीकडे उभं केलं, टेबल सरकवलं, वाटी लवंडली. ऊन वर चढत चाललं. घरट्याची शिवण अर्धी होत आली. ताईंचा श्वास मला चार हातांवरून ऐकू येत होता.

"जरा मी पाहू का?" मी म्हटलं. मला वाटलं, काचेला काही लागलं असेल.

त्या बाजूला झाल्या. मी डोळा लावला. आत अंधुक होतं खरं, सांज झाल्यासारखं. पण मुंगी होती. केवढी तरी मोठी, तांबूस, काचेसारखी आरपार. तिच्या मिशा थरथरत होत्या. जबड्यात अळी, आणि अळीचं तोंड ती पानाला टेकवत होती, जसं लहान मुलाचं तोंड वाटीला लावावं तसं.

"मले तं दिसते ना ताई," मी म्हणाले. "साफ दिसते."

मी मान वर केली. हात बाजूला सोडून त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मनगटावर मुंगी चालत होती.

"तुले दिसते," त्या म्हणाल्या. "मंग डबलर चांगला हाये."

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, घाईघाईने, एखादं ओझं टाकून पळायचं असावं तसं. दिवाळीच्या सुट्टीत त्या नागपूरला डोळे दाखवायला गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, डोळ्याचा मागचा पडदा वाळत चालला आहे. आधी अंधारातलं जातं. मग बाजूचं जातं. मधलं राहतं.

"आन मंग?"

"मंग मधातलं बी जाते. कधी, ते त्याले नाही सांगता येत. मले आता नळीतून पाहिल्यावानी दिसते. समोरचं दिसते, उजेड असला तं. दिवा लावायच्या टायमाले सगळं संपलं."

"औषध?"

"नाही म्हणे."

गुंडी, बाकं, नाटकं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नोको," त्या म्हणाल्या. "आरसा हलून राहिला. आन ती शिवण पुरी होऊन जाईन. चाल, तू पाह्य. मी आरसा धरतो."

मी घाबरले. कॅमेरा मी कधी हातात धरला नव्हता. त्यांनी माझा हात पाटावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि किती जोर लावायचा ते दाखवलं. "मुंगीचा डोळा पाह्य. डोळा साफ दिसला म्हणजे बाकी धुरकट असलं तरी चालते. पण आज डोळा नाही पायजे, तोंड पायजे. अळीचं तोंड. ते साफ झालं का 'हं' म्हण. बटन मी दाबतो." बटनाला लांब वायर लावलेली होती. आरसा डाव्या हातात, वायर उजव्या हातात, अशा त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. आरशाचा कवडसा त्या कुठे बघून धरत होत्या कोण जाणे. मी म्हणायची "वर ताई, जरा वर," आणि कवडसा मुंगीवर येऊन बसायचा.

"हं."

खट्.

"हं. नाही, गेली... हं!"

खट्.

रोल संपला तेव्हा आमच्या दोघींच्या हातांवर गांधीच गांधी उठल्या होत्या. त्या हसत होत्या. घरी येताना रस्त्यात आपणहून म्हणाल्या, "त्या साकोलीच्या माणसाले परसात मी हेच सांगितलं. म्हटलं, दोन-चार वर्षांत मले हाताले धरून फिरवा लागन, चालते का? तो चांगला होता बिचारा. घामाघूम झाला. मंग म्हटलं, जा बाप्पा, तुमच्याही घरी लहान लेकरू हाये." थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "तो किडा मात्र खरंच चांगला बसला होता."

मी ती गोष्ट पुन्हा कोणाला हसत सांगितली नाही.

सोमवारी शिपायाने घरटी जाळली. ताईंनी खिडकी लावून घेतली आणि नववीला प्रकाशाचं वक्रीभवन शिकवलं.

रोल स्लाइडचा होता, धुवायला मुंबईला जायचा. स्टुडिओवाल्याकडे ताई इतक्या चकरा मारायच्या की तो एसटीतून त्यांना उतरताना पाहिलं की लांबूनच हाताने 'नाही' म्हणायचा. शेवटी डबी आली. पुष्कळ स्लाइडा वाया गेलेल्या. काही हललेल्या, काही काळ्या, एकीत माझीच बट. पण एक होती.

साकोलीच्या एका आरोग्यसेवकाकडून ताईंनी प्रोजेक्टर मागून आणला. भरदुपारी नववीच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. मुख्याध्यापक येऊन मागे बसले. भिंतीवर मुंगी उमटली, म्हशीएवढी. जबड्यात पांढरी अळी. आणि अळीच्या तोंडापासून पानाच्या कडेपर्यंत एक धागा, आरशाच्या उन्हात चमकलेला, इतका बारीक की आधी काचेवरचा ओरखडाच वाटावा. कोष्ट्याचा पोरगा बाकावर उभाच राहिला. "सूत!" तो ओरडला. "बाई, सूत हाये!"

"कुठी?" ताईंनी विचारलं.

त्या प्रोजेक्टरजवळ होत्या. खोलीत अंधार, त्यांना त्या चौकोनी उजेडापलीकडे काही दिसत नसणार. त्या हात पुढे करून भिंतीकडे निघाल्या. बाकाला धडकल्या. भिंतीशी पोचल्या तेव्हा त्यांच्याच डोक्याची सावली मुंगीवर पडली आणि पोरं हसली. ताई बाजूला सरकल्या. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ गेल्या आणि चित्र वाचायला लागल्या. एक पाय पाहिला. मग दुसरा. पोटावरून छातीकडे आल्या, छातीवरून डोक्याकडे. आपल्याला एका नजरेत दिसतं ते त्या तुकड्या-तुकड्याने गोळा करत होत्या. पोरांचं हसणं कधी थांबलं मला कळलं नाही. मुख्याध्यापक उभे राहिले होते.

"डावीकडे, बाई," कोष्ट्याचा पोरगा हळूच म्हणाला. "आखीन जरा डावीकडे. आता खाली."

ताईंचं बोट धाग्यावर आलं. त्या धाग्यावरून ते त्यांनी पानापर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं.

"हव," त्या म्हणाल्या. "हाये."

त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं, जमेल तितके दिवस शिकवा, पोरं सांभाळून घेतील. पोरांनी घेतलंही सांभाळून. पण ताईंना ते सोसवेना. कोणी हात धरला की त्या झटकायच्या, मग तासभर हळहळत बसायच्या, म्हणजे हळहळत फिरायच्या. एका बुधवारी सकाळी मी शाळेसाठी वेणी घालत होते, तर त्या ट्रंक घेऊन दारात. "मी चालली कारध्याले. सायबाले सांगितलं हाये. तू येजो."

"आज? आठवड्याच्या मधात?"

"मंग काय मुहूर्त पाहू?" एसटी आलीच होती. त्या चढल्या. नीट निरोपही घेता आला नाही.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी भंडाऱ्याला आले. कारधा पुलापलीकडे, पण संसारात नदी ओलांडायला वर्षं लागतात. ऐंशीच्या पुढे कधीतरी, पावसाळा सरल्यावर, एकदाची गेले. ताई धाकट्या बहिणीकडे राहत होत्या. अंगणात कडुलिंबापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला होता, आणि त्या दोराला हात लावून ताई भरभर फेऱ्या घालत होत्या. केस अकालीच पांढरे झाले होते. पदर तसाच खोचलेला.

"ताई," मी हाक मारली.

"आली का? उशीर केला." थांबायचं नाव नाही. मीच त्यांच्या बरोबरीने दोराच्या कडेने चालायला लागले. कॅमेरा त्यांनी नागपूरच्या एका कॉलेजातल्या मुलीला देऊन टाकला होता, डबलरसकट. उजेड-अंधार अजून कळत होता, तेवढंच. गावातल्या पोरांना त्या तोंडी विज्ञान शिकवायच्या आणि पोरं घाबरायची, असं बहिणीने सांगितलं. "एका जाग्यावर बसत नाही तं काय करन माणूस," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आम्ही दहा-बारा फेऱ्या मारल्या असतील. तेवढ्यात ताई थांबल्या. दोरावरचा हात तसाच ठेवला.

"माह्या मनगटावर काहीतरी बसलं. काय हाये?"

मी पाहिलं. "काही नाही ताई. किडा हाये, बारीक. हिरवा."

"किडा हाये!" त्या कडाडल्या. "मराठीची मास्तरीण ना तू? नीट सांग. पाय किती?"

मी वाकले. चष्मा पुसून घेतला, आणखी वाकले. "सहा."

"मिशा?"

"लांब. अंगापेक्षा लांब. मागे वळवलेल्या."

"हिरवा म्हणजे कोणता हिरवा? कोवळ्या धानाचा, का शेवाळाचा?"

"धानाचा. पण पंखाच्या कडेले जराशी सोनेरी रेघ हाये. आन डोळे..." मी थांबले. डोळे खरंच बघण्यासारखे होते. "डोळे तांब्याचे हायेत ताई. नव्या घासलेल्या तांब्याचे."

"आता काय करून राहिला?"

"पुढचा पाय तोंडातून ओढून राहिला. पुसून राहिला."

"कोणता पाय?"

"डावा. आता उजवा."

बहीण चहा घेऊन आली. "ताई, चहा झाला. पाव्हणीले बसू तं दे," ती म्हणाली.

ताईंनी मनगट जरासुद्धा हलवलं नाही. तोंड फक्त तिच्याकडे वळवलं.

"मधात बोलू नोको," त्या म्हणाल्या. "सांगू दे तिले."